रमजानात कैरोला जातेय, एकटी. तिथे राहिलेल्यांनी सांगा

द्राक्षबाग
११ फेब्रुवारी २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी नाशिकची, वय २८. कंपनी सहा महिन्यांसाठी कैरोला पाठवतेय. २२ फेब्रुवारीला पोचणार आणि १ मार्चच्या आसपास रमजान लागणार, म्हणजे सामान लावून होतंय न होतंय तोवरच. फ्लॅट दोक्कीत, ऑफिस मआदीत, रोज मेट्रोने जा-ये. ओळखीचं कुणी नाही.

शोधलं तर सगळी माहिती दुबईची निघते. कैरोत राहिलेलं कुणी आहे का इथे? दिवसा मेट्रोत पाण्याची बाटली काढली तर लोक बोलतात का? ऑफिसात डबा कुठे बसून खायचा? मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. हॉटेलं दिवसभर बंद असतील तर पहिले काही दिवस, स्वयंपाकाचं बस्तान बसेपर्यंत, काय करायचं? संध्याकाळी एकटीने बाहेर पडावं का?

आणि आईने चार किलो पोह्यांचा चिवडा करायला घेतलाय. तिला थांबवू का, तेही सांगा.

भटकंती_फुल्टू
११ फेब्रुवारी २०२५, रात्री ११:१५

पिरॅमिड सकाळीच उरकून घ्या, रमजानात लवकर बंद करतात. बाकी एवढं टेन्शन घेऊ नका, टुरिस्टना सगळं चालतं.

मसूरची_आमटी
१२ फेब्रुवारी २०२५, सकाळी ८:०५

टुरिस्टना चालतं हे खरं आहे हो, पण ती टुरिस्ट नाही ना. चार दिवस जाऊन येणाऱ्याला जे चालतं ते रोज त्याच बाकावर, त्याच माणसांशेजारी बसणाऱ्याला वेगळं लागू होतं.

द्राक्षबाग, आईला थांबवू नकोस. (एकेरीत बोलते, माझी भाची तुझ्या वयाची आहे.) चिवडा ने, फक्त ऑफिसात नेऊ नकोस. का ते सांगते.

मी सांगलीची, २०१९ पासून कैरोत. राहते हेलिओपोलिसला, म्हणजे कैरोच्याच एका भागात, आणि नोकरी कपड्यांच्या कारखान्यात, माल तपासण्याची. कारखाना आहे दहा रमजान या शहरात. हो, शहराचं नावच ते. १९७३ साली इजिप्तच्या सैन्याने सुवेझ कालवा ओलांडला, तो दिवस इंग्रजी तारखेने ६ ऑक्टोबर आणि हिजरी तारखेने १० रमजान. कैरोच्या पश्चिमेला सहा ऑक्टोबर नावाचं शहर वसवलं आणि पूर्वेला दहा रमजान. एकाच दिवसाच्या नावाची दोन शहरं. मी आईला नोकरीचा पत्ता सांगितला तेव्हा ती म्हणाली, "तारीख कळली, गावाचं नाव सांग."

तर चिवडा. पहिल्या वर्षी मी शहाणपणा करून डबा ऑफिसच्या मागच्या खोलीत, दोरे-बटणांचे खोके ठेवतात तिथे जाऊन खायचे. दार लावून. रमजानात दुपारी कारखान्याच्या ऑफिसात अशी शांतता असते की पंख्याचं पातं मोजता यावं. चहा नाही, सिगरेट नाही, गप्पाही अर्ध्यावर आलेल्या. त्या शांततेत मी पोह्यांच्या चिवड्याची पहिली मूठ तोंडात टाकली. कुर्रकुर्र. भिंतीपलीकडचं टायपिंग थांबलं. मी चावायची थांबले. टायपिंग सुरू झालं. मी परत चावलं, परत थांबलं. शेवटी ते पोहे मी जिभेवर विरघळवून गिळले. तेव्हापासून माझा रमजानचा डबा म्हणजे दहीभात, केळं, नाहीतर ऐश बलदीत (तिथली कोंड्याची गोल भाकरी समज) चुरलेलं चीज. आवाज न करणारे पदार्थ.

कुणी मला एका शब्दाने बोललं नव्हतं, हे लक्षात घे. आजवर कधीच नाही. रोजा न धरणारे तिथेही असतात: लहान मुलं, आजारी, गरोदर, प्रवासातले, आणि कॉप्ट म्हणजे तिथले ख्रिश्चन. मेट्रोत पाणी प्यायलीस तर कुणी हात धरणार नाही. पण तुझाच हात बाटलीकडे जाणार नाही. समोरच्या बाईचे ओठ कोरडे पडलेले दिसतात ना. मी स्टेशनात उतरून, खांबाच्या आड, दोन घोट घेते आणि पुढे चालते. दोक्कीहून तुला सादातला गाडी बदलून पहिल्या लाइनने मआदीला जायचंय, ती बदलायची जागा सोयीची आहे. मधले दोन डबे बायकांचे असतात, तिथेच चढ.

पण खरं सांगू का, तू विचारलेलं सगळं खाण्यापिण्याचं आहे आणि मला तिथे सगळ्यात जड गेलं ते घड्याळ.

तिथे महिनाभर दिवस उलटा होतो. ऑफिसं तीनच्या सुमाराला सुटतात. बँका तर दुपारी दोनच्या आतच ग्राहकांना दारं लावतात, पैशाचं काम सकाळी कर. तीन ते साडेपाच रस्त्यांवर अख्खं कैरो एकाच वेळी घरी निघालेलं असतं, आणि सगळ्यांना तंबाखूची तलफ आलेली. त्या वेळात टॅक्सीवाल्याशी भाड्यावरून वाद घालू नकोस, मी घातलाय. मार्चच्या सुरुवातीला मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, रोजा सोडायची अजान सहाच्या जरा आधी आहे, महिनाअखेर सव्वासहाला जाईल. त्या आधीच्या अर्ध्या तासात गाडी मिळत नाही. मिळतच नाही, अ‍ॅपवर चक्र फिरत राहतं.

२०१९ चा रमजान मेमध्ये आला होता. पंधरा तासांचा रोजा आणि अंग भाजणारं ऊन. कंपनीची बस चुकली म्हणून मी मिळेल त्या गाडीने रॉक्सी चौकापर्यंत आले आणि तिथे अजान झाली. पाच मिनिटांत चौक रिकामा. मुंबईत कर्फ्यू लागला तरी इतका रिकामा होणार नाही. सिग्नल आपला लाल-हिरवा होतोय आणि समोर एक मांजर. प्रत्येक खिडकीतून एकाच वेळी चमच्यांचा आवाज येत होता, खणखण, खणखण, आणि सगळ्या घरांत तोच एक टीव्ही. मी सांगलीहून निघताना रडले नव्हते, विमानातही नाही. तिथे रडले. दीड कोटीच्या वर माणसांचं ते शहर, सगळे जेवायला बसलेले, आणि मला कुठे बसायचंय ते ठाऊक नाही.

तेवढ्यात एक पोरगा पळत आला, बारा-तेरा वर्षांचा, आणि माझ्या हातात खजुराची पुडी आणि रसाचं खोकं कोंबलं. घरी पोचायला उशीर झालेल्यांसाठी पोरं अशी चौकाचौकांत उभी असतात, चालत्या गाड्यांच्या खिडक्यांतूनही आत टाकतात. मी मोडक्यातोडक्या अरबीत म्हटलं, माझा रोजा नाहीये. तो म्हणाला, "मालेश" (असू दे, काही हरकत नाही, या सगळ्याला मिळून तिथे हा एकच शब्द) आणि पुढच्या मोटारीकडे पळाला.

म्हणून तुला पहिला सल्ला हा, की रोज अजानीच्या वेळी आपण कुठे असणार ते सकाळीच ठरवून ठेव. घरी असशील तर घरी, पण ठरवून. मी त्या वेळी आईला फोन लावायचे. मार्चमध्ये भारताचं घड्याळ तिथल्या साडेतीन तास पुढे असतं, म्हणजे घरी रात्रीचे साडेनऊ, जेवणं आटोपून आई मोकळी. ती विचारायची, "आज अंगतपंगत कुणाकडे?" आणि मी खोटं सांगायचे.

दुसऱ्या वर्षी करोना, सगळं बंद. खोटं बोलायची गरज पडली ती तिसऱ्या वर्षापर्यंतच. २०२१ साली माझ्या वरच्या मजल्यावरच्या बाईंनी दार वाजवलं. निवृत्त शिक्षिका, सत्तरीच्या. आम्ही सगळे त्यांना 'तांत' म्हणतो. हा मूळ फ्रेंच शब्द, कैरोतल्या मध्यमवर्गीय घरांत आपल्या 'काकू'च्या जागी असतो. दारात तांत उभ्या, हातात वाटी, वाटीत चमचा. म्हणाल्या, "दूई." म्हणजे चाखून बघ.

मला कळेना. मग उमगलं. घरात स्वयंपाक करणाऱ्या सगळ्यांचा रोजा, मीठ चाखणार कोण? नातू धाकटे होते तोवर ते काम त्यांचं होतं. ते मोठे झाले, रोजे धरायला लागले, आणि बिल्डिंगमध्ये बिनरोज्याची जीभ एकच उरली, माझी. शोरबत अद्स, म्हणजे मसुराचं सूप. मी म्हटलं मीठ ठीक आहे, जिरं कमी आहे. तांतनी दोन सेकंद माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी जिरं वाढलेलं होतं.

आता चार वर्षं झाली. साडेचार-पाचला मी कारखान्यातून आले की पहिल्या मजल्यावरूनही पोरं वाटी घेऊन येतात. भाताचं सारण, टोमॅटोचा रस्सा, एकदा तर सरबताची साखर. मुलुखिया मात्र मी चाखत नाही, ती पालेभाजी ते सशाच्या नाहीतर कोंबडीच्या रश्शात शिजवतात. तांत म्हणतात, मग वास घेऊन सांग. मी वास घेऊनही सांगते.

तर तू रोजा धरत नाहीस याची लाज घेऊन वावरू नकोस. मी पहिलं वर्ष दोऱ्यांच्या खोक्यांमागे काढलं, ते फुकट गेलं.

शाकाहाराचं: 'अना नबातिय्या' म्हणजे मी शाकाहारी, हे पाठ कर, पण त्यावर विसंबू नकोस. तिथे 'लहमा' म्हणजे फक्त बैल-बकऱ्याचं मांस. लहमा नको म्हटलंस की प्रेमाने कोंबडी वाढतात. खरी किल्ली वेगळी आहे: 'सियामी' हा शब्द. कॉप्ट लोकांचा ईस्टरआधीचा ५५ दिवसांचा उपवास असतो, त्यात मांस, अंडी, दूध, तूप काहीच नाही. त्या खाण्याला सियामी म्हणतात आणि कैरोतला कुठलाही हॉटेलवाला तो शब्द ओळखतो. यंदा हा उपवास २४ फेब्रुवारीला लागतोय, म्हणजे रमजानच्या पाचेक दिवस आधी, आणि ईस्टर २० एप्रिलला. तू पोचशील तेव्हा काही लोक एका उपवासात आणि बाकीचं शहर दुसऱ्या. उपाशी राहायची नाहीस.

घरी करायला मसूर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, सोललेली केशरी. तिला ते 'पिवळी डाळ' म्हणतात, वाद घालू नकोस. माझं इथलं नाव त्या आमटीवरून पडलंय. तूरडाळ आण. भेंडी मिळते पण बोटाच्या पेराएवढी. हिवाळा संपेपर्यंत अळकुड्या असतात, त्यांना कोल्कास म्हणतात. साबुदाणा आण, विसरू नकोस.

आत्ता बस आली. बाकी संध्याकाळी लिहिते.

द्राक्षबाग
१२ फेब्रुवारी २०२५, दुपारी १:२०

ताई, मी ऑफिसात बसून वाचतेय आणि चिवड्यापाशी जोरात हसले, आता शेजारचे विचारतायत. खूप आभार!

दोन शंका. एक, कुणी इफ्तारला बोलावलं तर लगेच हो म्हणायचं का? दोन, मी एखादा दिवस रोजा धरून बघू का? म्हणजे ते आगाऊपणा वाटेल का? आमच्याकडे संकष्टीला मी दिवसभर काही खात नाही, पण पाणी पिते.

खाडीकाठ
१२ फेब्रुवारी २०२५, दुपारी ४:०२

मी कैरोत राहिलेलो नाही, कुवेतला वीस वर्षं काढली. रत्नागिरी जिल्ह्यातला, कोकणी मुसलमान, रोजे आठव्या वर्षापासून. दुसऱ्या बाजूने दोन शब्द बोलू का?

आधी फरक सांगतो. कुवेतमध्ये १९६८ सालचा कायदा आहे, रमजानात दिवसा चारचौघांत खाल्लं-प्यायलं तर शंभर दिनारपर्यंत दंड नाहीतर महिनाभर कैद. तिथे माझे हिंदू मित्र गाडीत खाली वाकून पाणी प्यायचे, शाळेत कॉपी करतात तसे. तुम्हाला दुबई-कुवेतवाले जे घाबरवतात ते याच्यामुळे. मसूरताई सांगतायत ते शहर वेगळं दिसतंय.

पण ताई, खोक्यांमागे खाणं मलाही पटलं नव्हतं बरं का, वाचतानाच. माझा एक सोलापूरचा सहकारी असाच संडासाच्या पॅसेजमध्ये उभा राहून पोळी खायचा. मला ते कळलं तेव्हा माझाच घास, नसलेला, घशात अडकला. माझ्या रोज्यापायी दुसऱ्याने संडासाजवळ जेवायचं? मी त्याला माझ्या टेबलाशी बसवलं. माझा रोजा आहे, त्याच्या पोळीने मोडण्याइतका कच्चा नाही. फक्त सुक्या बोंबलाची चटणी आणली होती त्या दिवशी मी उठून बाहेर गेलो, तेवढं माणसाने समजून घ्यावं.

रोजा धरून बघायचा तर बघा की. पण ऑफिसात आधी जाहीर करू नका. जाहीर केलंत की दर तासाला कुणीतरी येऊन विचारणार, बरी आहेस ना, चक्कर येतेय का, आणि तुमचं काम राहील बाजूला. सुहूरला, म्हणजे रोजा सुरू व्हायच्या आधी पहाटे खातात तेव्हा, भात नको, तहान लागते. दही खा.

आणि एकच विनंती, "पाणीसुद्धा नाही?" हा प्रश्न कुणाला विचारू नका. वीस वर्षांत मी त्याचं उत्तर किती वेळा दिलं ते मोजलं असतं तर त्या आकड्यावर सवाब, म्हणजे पुण्य, मिळालं असतं.

मीठ चाखायचं काम आमच्या घरात आम्हा धाकट्यांचं. जिभेच्या टोकाला लावून थुंकलं तर रोजा मोडत नाही असं सांगतात, माझी आई तसं करायची, आजी तेही नाही. मी सात वर्षांचा असताना आठ दिवस त्या कामावर होतो. कढीत मीठ कमी आहे असं मी मुद्दाम सांगायचो, म्हणजे परत चाखायला मिळेल. एक दिवस कढी खारट झाली आणि मी नोकरीवरून निघालो. पुढच्या वर्षी रोजे धरले.

मसूरची_आमटी
१२ फेब्रुवारी २०२५, रात्री ९:५०

खाडीकाठ भाऊ, "नोकरीवरून निघालो" वाचून आमच्या घरात दोन वेळा मोठ्याने वाचन झालं.

द्राक्षबाग, आमंत्रणाचं. कैरोत 'अझूमा मराकबिया' असा वाक्प्रचार आहे, म्हणजे नावाड्याचं आमंत्रण. नावाडी नाईलच्या मध्यावर जेवायला बसलाय आणि काठावरच्या माणसाला हाक मारतोय, या जेवायला! येणार कसा, पोहत? पुण्याच्या लोकांवर आपण जे विनोद करतो त्याची ही तिकडची आवृत्ती. रमजानात रोज तुला अशी पाच आमंत्रणं येतील. लिफ्टमध्ये, दुकानात, टॅक्सीत. छातीवर हात ठेवायचा, हसायचं, पुढे जायचं. पण एखादीने तिसऱ्यांदा विचारलं, वार सांगितला, पत्ता पाठवला आणि "तू काय खात नाहीस" असं विचारलं, तर ते खरं. मग जायचंच. अजानीच्या पाऊण तास आधी पोच. उशिरा जाणं म्हणजे पंधरा भुकेल्या माणसांना ताटावर बसवून ठेवणं. हातात किलोभर कुनाफा किंवा बसबूसा, म्हणजे तिथली मिठाई, न्यायची. कतायेफ मिळाले तर उत्तम, ते आपल्या करंजीसारखे दुमडून तळून पाकात घालतात आणि बहुतेक दुकानांत फक्त याच महिन्यात असतात.

आणि त्या दिवशी दुपारी जेवू नकोस. मी डबा खाऊन गेले होते. तांत दर दोन मिनिटांनी माझ्या ताटाकडे बघत होत्या आणि मला पहिल्या महशीनंतर (भात भरलेली भाजी) श्वास घेता येईना.

आधी खजूर, मग सरबत, मग सूप, मग घरातले काहीजण नमाजाला उठतात, आणि मग खरं जेवण. सरबतांत एक 'तम्र हिंदी' असतं. नावाचा अर्थ भारताचा खजूर. उत्साहाने घोट घेतला, चिंचेचं पन्हं! करकदे म्हणजे आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचं. सोबिया नारळ-तांदळाची, खूप गोड. कमर अद-दीन जर्दाळूच्या वाळवलेल्या पोळीचं, फणसपोळी पाण्यात विरघळवली तर जसं होईल तसं.

रोज्याबद्दल भाऊंचं बरोबर. मी दर वर्षी एक दिवस धरते, सत्ताविसावा. पहिल्यांदा धरला तेव्हा शिलाईच्या लाइनवरच्या बायकांनी विचारलं, तुमचे उपास कसे असतात? मी सगळं सांगितलं. साबुदाण्याची खिचडी, तुपातली बटाट्याची भाजी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू. त्या ऐकत होत्या, ऐकत होत्या, मग एकीने विचारलं, आणि उपास कधी? मग मी 'एकादशी दुप्पट खाशी'चं अरबीत भाषांतर करून सांगितलं. मशिनी थांबल्या. म्हणाल्या, हे तर आमचंच झालं. रमजानात किराणा कमी लागायला हवा, लागतो दुप्पट.

लाइनवरून आठवलं, तुझं काम कुठलंही असलं तरी महत्त्वाचं सगळं बाराच्या आत उरक. माझ्याकडे दुपारी एकनंतर टाके सुटायला लागतात, सुया मोडतात. त्या बायकांना मी बोल लावत नाही. पहाटे साडेतीनला उठून घरादाराला सुहूर घालून त्या बसने आलेल्या असतात. मी तपासणी सकाळी ठेवते आणि दुपारी कागद लिहिते. आणि 'बाद इल-ईद' हा शब्द दिवसातून दहादा ऐकशील, ईद झाल्यावर. आपलं 'दिवाळीनंतर बघू'. ते ऐकलं की फाइल मिटायची. चिडून काही होत नाही.

रात्री एकटीने फिरण्याचं. आठनंतर शहर परत जागं होतं, दोन वाजेपर्यंत बायका-पोरं-आजोबा सगळे रस्त्यावर, दुकानं उघडी, फानूस म्हणजे रमजानचे कंदील लटकलेले. त्या गर्दीत मला एरवीपेक्षा निर्धास्त वाटतं. पण छेडछाड त्या शहरात आहे, ते लपवणार नाही. ईदच्या दिवसांत डाउनटाउनच्या पोरांच्या गर्दीत मी जात नाही, तूही जाऊ नकोस. हुसेन मशिदीकडे किंवा बाब झुवैला या जुन्या वेशीजवळच्या तंबूवाल्यांच्या गल्लीत फानूस बघायला जायचं तर एखाद्या सहकारिणीच्या घरच्यांबरोबर जा. त्या गल्लीत रमजानचं लाल-निळ्या नक्षीचं कापड मिळतं, आईसाठी घे.

बिल्डिंगच्या बव्वाबला, म्हणजे रखवालदाराला, पहिल्याच आठवड्यात 'करतूना' दे. तांदूळ, तेल, साखर, मॅकरोनी, खजूर असं भरलेलं तयार खोकं सुपरमार्केटात मिळतं. हे दान म्हणून नाही, तिथली रीत आहे म्हणून.

आणि पहाटे तीनच्या सुमाराला ढोल वाजला तर घाबरू नकोस. तो मसहराती. "इस्हा या नाएम" म्हणत जातो, ऊठ रे झोपलेल्या. सगळ्या वस्त्यांत आता येत नाही. आमच्याकडे येतो आणि पोरांची नावं घेऊन हाका मारतो. आमच्या बव्वाबच्या मुलीने त्याला माझं नाव सांगितलंय. त्याला ते धड म्हणता येत नाही, पण पहाटे तीन वाजता हेलिओपोलिसच्या गल्लीत कुणीतरी ढोल बडवून माझं चुकीचं नाव पुकारतं आणि मी, रोजा नसलेली बाई, उठून बसते.

द्राक्षबाग
१४ मार्च २०२५, रात्री ११:३०

मंडळी, मी जिवंत आहे.

अकरा दिवस ऑफिसच्या पँट्रीत, दार उघडं ठेवून जेवले. खाडीकाठ दादांचं ऐकलं. पहिल्या दिवशी हात थरथरत होता. तिसऱ्या दिवशी एक सहकारीण समोर येऊन बसली, म्हणाली खा तू, मला नुसती बसायला जागा हवीय, तिकडे साहेब आहे.

सियामी या शब्दाने मला अक्षरशः जगवलं. पाणी मात्र मीही स्टेशनात खांबाआडच पिते, ते जमलं नाही. बारावा रोजा धरला, कुणाला सांगितलं नव्हतं, पण चार वाजता मेट्रोत उभ्या उभ्या डोळे मिटले आणि शेजारच्या बाईने जागा दिली. तिला कसं कळलं?

उद्या १५ रमजान. कैरोतल्या मतरिय्या भागात दर वर्षी या दिवशी सगळी वस्ती गल्लीबोळांतून टेबलं मांडून एकत्र इफ्तार करते ना, पँट्रीतल्या त्या सहकारिणीच्या भावाबरोबर आणि वहिनीबरोबर जातेय. आमंत्रण तीनदा आलं होतं, मोजलं मी.

आता अडचण. मला त्यांना घरी बोलवायचंय, पुढच्या गुरुवारी, चौघं येतील. आईने बेसन दिलंय. कांदाभजी करावी म्हणते, सोबत मसुराचं सूप आणि भात. भजी गरम हवीत, पण सगळे अजानीला टेबलाशी हवेत, मीही. कसं जमवू?

खाडीकाठ
१५ मार्च २०२५, सकाळी ७:१०

कांदा चिरून मीठ लावून पाच वाजता ठेवा. बेसन अजानीआधी पंचवीस मिनिटं कालवा, पाणी घालू नका, कांद्याचंच पुरतं. पंधरा मिनिटं आधी तळायला घ्या, शेवटचा घाणा पाच मिनिटं आधी बाहेर. मिरची निम्मी करा, रिकाम्या पोटी लोक आहेत.

पहिला घाणा तुम्ही खाऊन बघा. मीठ तुम्हालाच बघायचंय, बाकी कुणी सांगणार नाही.

मसूरची_आमटी
१५ मार्च २०२५, सकाळी ७:४५

आणि वासाला दार बंद ठेव, नाहीतर सबंध बिल्डिंग जिन्यात येऊन बसेल. नाहीतर उघडंच ठेव.